मोडेमचा आवाज हवाय की पलीकडची माणसं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुळे सोलापुरात राहता. वडिलांचा १९९४ सालचा ४८६ कॉम्प्युटर माळ्यावरून काढून चालू केलात, सोबत २४०० चा, म्हणजे कॉम्प्युटरचा मजकूर सेकंदाला २४०० बिटांनी फोनवरून पाठवणारा, बाहेर ठेवायचा मोडेमही सापडला. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांची फोनवरून जोडली जाणारी, मेसेज आणि फाइली ठेवायची बुलेटिन बोर्डं असायची, म्हणजे बीबीएस, तिथे त्याच मशीनवरून आणि त्याच मोडेमने जायचंय. घरी तांब्याची लाइन राहिलेली नाही, फायबर आहे. त्या फायबरच्या डब्याला मागे फोनचं सॉकेट आहे, त्यात मोडेम लावलात. आधी ‘नो डायलटोन’ आलं. एटीएक्स३ दिल्यावर ते गेलं. मग एका जुन्या यादीतले पुण्या-मुंबईचे नंबर फिरवलेत तर दर वेळी ‘नो कॅरिअर’. आता विचारताय, मोडेम गेलाय का, दुसरा घ्यावा का, की आयएसडी लावून परदेशातला नंबर बघावा. आणि शेवटी हळूच एक ओळ: पोचलोच तर पहिला मेसेज काय टाकू?

मोडेम बहुधा ठणठणीत आहे. ‘नो डायलटोन’ हे दुखणं सोलापुरात नव्वदच्या दशकातही होतं. बाहेरून आलेल्या मोडेमच्या कानाला अमेरिकेतला डायलटोन ओळखीचा, ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र वाजणारा. आपला ४०० हर्ट्झचा, किंचित थरथरणारा. काही मोडेम समजून घ्यायचे, काही अडून बसायचे. एटीएक्स३ म्हणजे त्याला सांगणं, टोनची वाट बघू नको, सरळ नंबर फिरव. हा इलाज तेव्हाचाच आहे आणि तुम्ही तो बरोबर केलात.

‘नो कॅरिअर’चं कारण वेगळं. पलीकडे मोडेमच नाही. आणि ती यादी कृपा करून आता बाजूला ठेवा. त्यातले ०२१२ ने सुरू होणारे नंबर पुण्याचा कोड ०२० होण्याआधीचे आहेत, आणि लँडलाइनच्या नंबरांना पुढे २ लागला त्यालाही दोन दशकं उलटली. म्हणजे यादीत जसे छापलेत तसे ते कुठेच लागत नाहीत. तुम्ही डोकं लढवून २ लावून फिरवलेत, तर रात्री अकराला कुणाच्या तरी घरी एखाद्या आजी उठून फोन उचलणार आणि त्यांना ऐकू येणार शुकशुकाट. तुमचा मोडेम समोरच्या मोडेमची शीळ येईपर्यंत बहुतेक गप्पच असतो. दोन-तीनदा असं झालं की त्या घरात पोलिसात जायची चर्चा सुरू होते. हसू नका, मला एकदा फोन करून माफी मागावी लागलीये.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलाय मोडेमबद्दल, पण मला त्यात दोन वेगळ्या इच्छा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक, तो आवाज: डायल होणं, शीळ, खरखर, मग ‘कनेक्ट २४००’. दुसरी, पलीकडची माणसं: जुनी मशीनं जिवंत ठेवणारे, कुणी जर्मनीत, कुणी ऑस्ट्रेलियात, रोज चार ओळी लिहून जाणारे. १९९४ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच तारेवरून यायच्या, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. आज त्यांची ताटातूट झालीये. आवाज तुम्हाला घरातल्या घरात मिळू शकतो. माणसं इंटरनेटवरून मिळतात. दोन्ही एकाच फोन कॉलमध्ये शोधायला गेलात तर बिल येईल आणि मनस्ताप येईल, बाकी काही येणार नाही.

मी हे कशाच्या जोरावर सांगतोय तेही सांगतो. नव्वदच्या दशकात मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा कॉम्प्युटर सांभाळायचो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सुरू केलं ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये. सोलापूरकराला त्यासाठी एसटीडी लावणं आलं. विद्यार्थ्यांचं शेल अकाउंट, म्हणजे फक्त मजकुराचं इंटरनेट, वर्षाला ५०० रुपयांना मिळायचं, म्हणून एका पुतण्याच्या नावावर ते घेतलं होतं, पण ५०० रुपयांपेक्षा फोनचंच बिल मोठं. रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर लागायचा. त्यामुळे माझं सगळं ऑनलाइन आयुष्य अकरा ते दोनच्या मधलं. त्याच सुमारास पुण्या-मुंबईतल्या एक-दोन बीबीएसवर जायला लागलो. एकदा फाइल उतरवायला लावून खुर्चीतच डोळा लागला, लाइन तशीच चालू राहिली, आणि त्या महिन्याचं बिल मालकांनी माझ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. चूक माझीच होती. पुढे नवी पेठेत बरीच वर्षं दुरुस्तीचं काम केलं. आता घरी सात-आठ जुनी मशीनं आहेत, त्यातली तीन रोज चालतात.

तर आधी फायबरच्या डब्याबद्दल. त्या डब्यामागचा फोन म्हणजे फोनचं सोंग आहे. तुमचा आवाज तो साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो, पाकिटात घालतो आणि पाठवतो. एखादं पाकीट हरवलं, उशिरा आलं, तर मधली फट काहीतरी भरून बुजवतो. बोलणाऱ्या माणसाला ते जाणवत नाही. मोडेमला जाणवतं. २४०० च्या वेगाने २० मिलिसेकंदांत ४८ बिट जातात, म्हणजे जवळजवळ पाच अक्षरं. ती गेली ती गेलीच, आणि सोबत मोडेमचा तालही चुकतो. त्यातून काही कंपन्या आवाज दाबून पाठवतात. त्यांनी आवाज दाबताना माणसाचा गळा डोळ्यांसमोर ठेवलेला असतो, मोडेमची शीळ नाही. कुठली कंपनी काय करते यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून छातीठोक सांगत नाही. माझ्या अनुभवात ३०० ला बहुतेक वेळा जमतं, कारण तिथे फक्त दोन सूर आलटून पालटून वाजतात. १२०० ला नशीब लागतं, २४०० ला चिकाटी. ९६०० चा नाद सोडा. परदेशी नंबर फिरवायचा विचारही त्याच कारणाने सोडा. तो कॉल आज वाटेत कुठे ना कुठे अशाच पाकिटांतून जाणार, आणि फोनवर उत्तर देणारी बीबीएस आता जगात मोजकीच उरलीत. उरलेली बहुतेक सगळी इंटरनेटवर आहेत, टेलनेटने, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसत्या मजकुरातून शिरायच्या जुन्या पद्धतीने, जाता येतं.

म्हणून माझा सल्ला: पहिला आठवडा ४८६ ला हातच लावू नका. रोजच्या लॅपटॉपवर सिंकटर्म नावाचा प्रोग्राम टाका, फुकट आहे, आणि त्यातून दोन-चार बीबीएसवर जाऊन बसा. यात कमीपणा काही नाही. तिथली माणसं, विषय, वेग तुम्हाला मानवतो का ते तर कळेल. मी बऱ्याच जणांना पाहिलंय, तीन महिने सोल्डरिंग करतात, अखेर जोडले जातात, दहा मिनिटं रंगीत पडदे बघतात आणि परत फिरकत नाहीत. त्यांना आवाजच हवा होता. त्यात वाईट काही नाही, पण आधी कळलं असतं तर तीन महिने वाचले असते.

मानवलं, तर ४८६ साठी वायफाय मोडेम घ्या. ही छोटी पट्टी असते, बहुतेकांत ईएसपी८२६६ नावाची चिप. कॉम्प्युटरला ती आपण मोडेम असल्याचं भासवते: एटी म्हटलं की ओके म्हणते, एटीडीटी म्हटलं की ‘डायल’ करते. फरक इतकाच की नंबराच्या जागी तुम्ही बीबीएसचा इंटरनेटवरचा पत्ता आणि पोर्ट देता. टेलिक्स, टेलीमेट, प्रोकॉम यांतला जो डॉसचा प्रोग्राम वडिलांच्या फ्लॉपीत सापडेल तो चालेल. बिचाऱ्या प्रोग्रामला शेवटपर्यंत कळत नाही की फोन नावाची वस्तू मध्ये नाहीये.

इथे मात्र घाई करू नका, कारण लोक इथेच फसतात. पहिलं, तार. मशीनच्या मागे २५ पिनांच्या दोन जागा असू शकतात. ज्यात पिना बाहेर आलेल्या दिसतात ती सीरियल, ज्यात भोकं आहेत ती प्रिंटरची. प्रिंटरच्या जागेत मोडेम लावून रात्रभर बसलेला माणूस मला माहीत आहे, रोज दाढी करताना आरशात दिसतो. दुसरं, माउस. त्या काळचा माउसही सीरियलच असतो, बहुतेक कॉम१ वर, म्हणजे पहिल्या सीरियल जागेवर. मोडेम कॉम२ वर ठेवा. कॉम३ वर ठेवलात तर तो कॉम१ चीच आयआरक्यू ४, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तीच तार, वापरतो, आणि माउस हलला की लाइनवर कचरा येतो. तिसरं, वीज. सीरियल पोर्टवर उणे-अधिक १२ व्होल्टच्या आसपास खेळ चालतो आणि ही चिप ३.३ व्होल्टची. मध्ये मॅक्स३२३२ सारखी भाषांतर करणारी चिप हवीच. तयार वायफाय मोडेम घेतलात तर ती आत असते. सुटी पट्टी स्वस्त मिळते म्हणून सरळ तारा जोडू नका. मी एक जाळलीये, आणि तिचा वास अजून आठवतो.

वेग ९६०० वर ठेवा, ८-एन-१ (आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट). चढ्या वेगाचा मोह होईल, पण आधी मशीनमधला सीरियलचा यूएआरटी, म्हणजे अक्षरं पाठवणारी-घेणारी चिप, कोणता आहे ते बघा. डॉस ६ सोबत एमएसडी नावाचा प्रोग्राम येतो, तो सांगेल. ८२५० किंवा १६४५० असेल तर तो एका वेळी एकच अक्षर हातात धरतो. कॉम्प्युटरने वेळेवर उचललं नाही तर पुढचं अक्षर त्याच्यावर पडतं. १६५५०ए असेल तर १६ अक्षरांची ओंजळ असते, मग १९२०० किंवा वरही जा. स्वस्त वायफाय मोडेमांत ‘जरा थांब’ म्हणणाऱ्या आरटीएस-सीटीएसच्या तारा जोडलेल्याच नसतात. अशा वेळी ९६०० हाच शहाणपणा. आणि या वेगाचा हिशोब करून बघा. ८-एन-१ मध्ये एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं. ८० बाय २४ चा पडदा १९२० अक्षरांचा, दोन सेकंदांत भरतो. माणूस याहून जलद वाचत नाही. तुमच्या २४०० ला आठ सेकंद लागतात, आणि ३०० ला एक मिनिट चार सेकंद. ३०० ला वाचन म्हणजे भजनासारखं, ओळ संपेपर्यंत पुढची काय ते माहीत नसतं.

घरचा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर असेल तर ईएसपी८२६६ ला तो दिसणारच नाही, राउटरमध्ये २.४ चालू ठेवा. फाइल उतरवताना मध्येच तुटायला लागलं तर मोडेममध्ये टेलनेट मोड चालू आहे का ते बघा. टेलनेटमध्ये २५५ या बाइटला खास अर्थ असतो. तो नीट हाताळला नाही तर लिहिलेलं सगळं छान दिसतं आणि फाइल तेवढी सडते. फाइल उतरवायच्या पद्धतींतली झेडमोडेम वापरा, तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. एक्समोडेमला ती सोय नाही. पूर्वी आमच्याकडे वरच्या खोलीत समांतर फोन होता, आणि आईने तो उचलून “हे काय भुताटकीचं ओरडतंय” म्हटलं की तासाभराची फाइल पहिल्यापासून. १.४४ एमबीची फ्लॉपी २४०० ला एक तास बेचाळीस मिनिटं घेते, तेही काही न बिघडता. त्यामुळे झेडमोडेम मिळाला त्या दिवशी मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

मशीनबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही ती चालू केलीये आणि चालतेय. बोर्डवर निळी नळकांडीसारखी बॅटरी सोल्डर केलेली असेल तर, आठवडाभर हात लावू नका म्हटलं तरी, ती आजच काढा, गळून बोर्ड खाते. तुमच्या जुन्या मोडेमचा ॲडॉप्टर बघा. त्यातले बरेच ९ व्होल्ट एसी देणारे असतात, त्यांच्या जागी हाताला येईल तो डीसी लावू नका. आणि घराच्या आसपास यंत्रमाग असतील तर पावर सप्लायचा पंखा उघडून बघा. मी पूर्व भागातून आलेली मशीनं उघडली की आत नमद्यासारखा रुईचा थर निघायचा. अशी मशीन एप्रिलमध्ये ४३ डिग्रीला चालवली तर दोष कॉम्प्युटरचा नाही.

इतकं झालं की तांत्रिक बाजू संपली. आता माणसं, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच येते. बीबीएसची रीत कळायला ती आली कुठून हे माहीत असलेलं बरं. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत इतका बर्फ पडला की माणसं घरात अडकली. वॉर्ड ख्रिस्तेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी त्या काळात पहिलं बीबीएस रचायला घेतलं, १६ फेब्रुवारीला ते सुरू झालं. एक कॉम्प्युटर, एक मोडेम, एक फोन लाइन. म्हणजे एका वेळी एकच माणूस आत. बाकीच्यांना एंगेज टोन. बीबीएसचे सगळे संस्कार या एका गोष्टीतून निघालेत. वेळेची मर्यादा का, तर बाहेर कोणी ताटकळतंय. नुसत्या फाइली उतरवून पळणाऱ्यावर राग का, तर त्याने सगळ्यांची लाइन खाल्ली आणि ठेवलं काहीच नाही. आल्यावर स्वतःबद्दल दोन शब्द लिहायचे, कारण तुम्ही अक्षरशः कुणाच्या तरी घरातल्या मशीनवर आला आहात. आज लाइन एक नाही, पण रीत तीच उरलीये. चालवणाऱ्याला सिसॉप म्हणतात, आणि ते अजूनही बहुधा एकाच माणसाचं, पदरमोड करून चालवलेलं काम असतं.

म्हणून पहिल्या वेळी नाव, गाव, मशीन विचारणारी जी प्रश्नावली येते ती नीट भरा. “सोलापूर, भारत” लिहा. काही ठिकाणी सिसॉप स्वतः वाचून परवानगी देतो, त्याला एक-दोन दिवस लागतात, लगेच दुसऱ्या नावाने परत अर्ज करू नका. काही नेटवर्कांत खरं नावच लागतं, टोपणनाव चालत नाही. आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळा: टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, वाटेत कुणीही वाचू शकतो. बँकेचा, मेलचा, कुठलाच नेहमीचा पासवर्ड तिथे वापरू नका.

आत गेल्यावर रंगीत चित्रं आणि खेळ पहिले दिसतात. खेळांना तिथे डोअर म्हणतात. ट्रेडवॉर्स, लीजंड ऑफ द रेड ड्रॅगन, दिवसाला ठरावीक चाली, मग उद्या या. खेळा जरूर. पण मुक्काम मेसेजांच्या भागात करा. तिथल्या काही पाट्या त्या एकाच बीबीएसच्या असतात, काही जगभर फिरतात. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये फिडोनेट सुरू केलं. एका बीबीएसने रात्री दुसऱ्याला फोन करून दिवसभराची पत्रं द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती कल्पना. ते अजून चालू आहे, आता बहुतांशी इंटरनेटवरून. सिंक्रोनेट या बीबीएस चालवायच्या प्रोग्रामवाल्यांचं डव्हनेट आणि न्यूझीलंडमधून चालणारं एफएसएक्सनेट हेही तसेच. या जाळ्यांत जुन्या मशीनांच्या पाट्या आहेत, तुमच्या ४८६ च्या प्रश्नांना उत्तरं तिथे मिळतील.

फक्त लगेच नाही. मोबाइलवर वाढलेल्या माणसाला हे सर्वांत जड जातं. तुम्ही सकाळी लिहाल, उत्तर परवा येईल, आणि ते उत्तर वीस ओळींचं, विचार करून लिहिलेलं असेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात. तिकडची वर्दळ आपल्या चहाच्या वेळी असते. मी रोज सकाळी चहाबरोबर एकदा जातो, क्यूडब्ल्यूकेचं बंडल उतरवतो आणि बाहेर पडतो. क्यूडब्ल्यूके म्हणजे नवीन सगळ्या मेसेजांचं एकच गाठोडं. ते ऑफलाइन वाचायच्या प्रोग्राममध्ये निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची, दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा चढवायची. ही युक्ती एसटीडीचे पैसे वाचवायला निघाली होती, आणि आज पैशाचा प्रश्न नसताना मला ती जास्त आवडते. वीज गेली तरी बिघडत नाही, लाइन उघडी नसते.

भाषेचं विचारलं नाहीत, पण विचाराल. देवनागरी तिथे विसरा, मराठी लिहायची तर रोमनमध्ये. कारण गमतीचं आहे. आयबीएमच्या अक्षरसंचात १२८ च्या पुढच्या जागांवर चौकटीच्या रेघा आहेत, आणि आपल्या इस्कीने, म्हणजे भारतीय लिपींच्या अक्षरसंचाने, त्याच जागांवर देवनागरी बसवली. १९६ म्हणजे तिकडे आडवी रेघ, इकडे द. १७९ म्हणजे तिकडे उभी रेघ, इकडे क. कारखान्यातल्या मशीनमध्ये पुण्याच्या सीडॅकचं, पडद्यावर देवनागरी दाखवणारं जिस्ट कार्ड होतं. एकदा देवनागरी चालू ठेवूनच बीबीएसवर गेलो, तर सुबक चौकटीच्या जागी वर-खाली दददददद आणि दोन्ही बाजूंना क. वडिलांच्या मशीनमध्ये लांब हिरवं जिस्ट कार्ड निघालं तर फेकू नका, मला कळवा.

राहिला आवाज. तोही मिळेल, आणि मला वाटतं तुमच्या वडिलांना तोच ऐकवायचा असेल. बंद झालेल्या ऑफिसांतून जुने इंटरकॉम भंगारात येतात, छोटे ईपीएबीएक्स, एक लाइन चार एक्स्टेन्शनवाले. असा एक आणा. एका एक्स्टेन्शनला तुमचा २४०० चा मोडेम, दुसऱ्याला अजून एक जुना मोडेम, आणि तो एखाद्या लिनक्स चालणाऱ्या मशीनला. त्या मोडेमला एटीएस०=१ द्या, म्हणजे एका रिंगला तो फोन उचलेल. ४८६ वरून पलीकडच्या एक्स्टेन्शनचा नंबर फिरवा. खरा डायलटोन, खरी रिंग, खरी शीळ, खरखर, ‘कनेक्ट २४००’. पलीकडे लॉगिन मिळालं की तिथून टेलनेटने हव्या त्या बीबीएसवर जा. बाहेरची लाइन यात नाहीच, त्यामुळे बिलही नाही, आणि ही तार इतकी स्वच्छ असते की माझे १४४०० चे मोडेमही तिच्यावर पहिल्या फटक्यात जुळतात. पण हे दुसऱ्या टप्प्यात. आधी वायफाय मोडेमने रुळा, नाहीतर एका वेळी चार गोष्टी बिघडतील आणि कुठली बिघडली ते कळणार नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. “हॅलो, टेस्ट” लिहू नका, तसे शेकडो पडलेत. मशीन कोणती, कुठल्या गावी, कशी सापडली, आणि एखादा खरा अडलेला प्रश्न, एवढं लिहा. पंधरा ओळी पुरेत. बीबीएसवर परत आल्यावर मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा प्रश्न होता हार्ड डिस्कचा. सोलापूरबद्दल फक्त एक वाक्य टाकलं होतं, की इथे चादरीवरची नक्षी जेकार्डच्या मागावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून विणली जायची. हार्ड डिस्क राहिली बाजूला. १८०४ च्या जेकार्डच्या मागाबद्दल सगळ्यांनी वाचलेलं, पण तो रोज ऐकत मोठा झालेला माणूस त्यांना भेटला नव्हता. पंचकार्डावर काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, पुठ्ठे एकमेकांना जोडता कसे, आणि एका चादरीला किती लागतात? जोडणी मला माहीत होती, दोऱ्याने शिवतात. संख्या माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या कारखान्यात गेलो. ते म्हणाले, आता नक्षी पेन ड्राइव्हवर येते, पुठ्ठे माळ्यावर आहेत. माळ्यावर चढून मोर असलेल्या चादरीची माळ खाली काढली, दोघांनी बसून मोजली, मध्ये एकदा चुकलो, पुन्हा मोजली. तिसऱ्या दिवशी आकडा लिहिला. गृहस्थांचं उत्तर एका ओळीचं होतं: घाई नव्हती, पण मोराच्या शेपटीला वेगळे किती?